तीन आणि सातचा वाटा

बेंगळुरूच्या बनशंकरीतल्या त्या घराच्या फाटकावर एक पितळी पाटी आहे. वर कन्नडमध्ये आणि मराठीत 'सूर्यकांत चिकोडीकर, निवृत्त गणित शिक्षक' असं कोरलेलं, आणि खाली नुसते आठ आकडे: ५७२२१६२७. ना खुलासा, ना खूण. कुरियरची पोरं तो घरचा फोन समजून फिरवतात, लागत नाही म्हणून वैतागतात आणि फाटकातूनच ओरडतात, "फोन एत्ति सार!" फोन उचला म्हणून.

सर गेल्या वर्षापर्यंत या हाकेची वाटच बघत असायचे. लगबगीनं बाहेर यायचे आणि पार्सल हातात घ्यायच्या आधी त्या पोराला समजावू लागायचे. हा फोन नव्हे बाबा, ही संख्या आहे. पाच कोटी बाहत्तर लाख एकवीस हजार सहाशे सत्तावीस. मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, एवढे दोन सोडले तर जगातली कुठलीही संख्या हिला पुरती भागू शकत नाही. "आणि हे मी सिद्ध केलंय," सर छातीवर बोट ठेवून म्हणायचे. "कॉम्प्युटर नव्हता तेव्हा. हातानं." पोरगं "सरी सार" म्हणायचं, म्हणजे बरं सर, आणि ओटीपी मागायचं.

मागे दारात श्यामलाबाई उभ्या असायच्या. सरांच्या त्या 'मी'च्या पोटात त्यांची दोन वर्षं गेली होती, आणि सरांनी साधा ढेकरसुद्धा दिला नव्हता.

श्यामला बेळगावची. लग्न ठरलं तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि गणितात वर्गात दुसरी आली होती. स्थळ चिकोडीचं, मुलगा बेंगळुरूत हायस्कूलला गणित शिकवतो, म्हणजे दुधात साखरच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तिसऱ्या वर्षाचं काय, असं तिनं विचारलं तेव्हा सासरच्यांनी सांगितलं, परीक्षा काय, बाहेरूनही देता येते. वडिलांनी जावयाला मनगटी घड्याळ दिलं. जावयानं ते उलटं करून पाहिलं. मागच्या झाकणावर आठ आकडे कोरलेले होते. सरांना वाटलं, ही मूळ संख्या असणार. का वाटलं? वाटलं. त्या वयात माणसाला काहीही वाटतं, आणि नवं लग्न झालेल्या पुरुषाला जरा जास्तच.

आता आठ आकडी संख्या मूळ आहे हे ठरवायचं तर तिला लहान मूळ संख्यांनी एकेक करून भागत जावं लागतं. प्रत्येक वेळी बाकी उरली पाहिजे. एकदा जरी पुरता भाग गेला, तरी खेळ खलास. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की फार लांब जावं लागत नाही. संख्येचे दोन तुकडे होत असतील तर त्यांतला एक तिच्या वर्गमूळाच्या आतलाच असायला हवा. दोन्ही त्याहून मोठे असले तर गुणाकार संख्येच्या पलीकडे जाईल. या संख्येचं वर्गमूळ ७५६४च्या जरासं पुढे. तिथवरच्या सगळ्या मूळ संख्या तपासल्या की काम झालं, त्यापुढच्या एकीलाही हात लावायची गरज नाही. सरांनी हे पुढे तीस वर्षं फळ्यावर खडू आपटून आपटून शिकवलं.

तरीही त्या हजाराच्या जवळपास भरत होत्या. एकट्याचं काम नव्हे, हे सरांच्या पहिल्याच महिन्यात ध्यानात आलं. घरात गणित येणारं दुसरं माणूस होतंच, तेही नुकतंच आणलेलं. दोन आणि पाच सोडले तर मूळ संख्येच्या शेवटी एक, तीन, सात किंवा नऊ यांपैकीच काहीतरी असतं. सरांनी वाटणी करून टाकली. "एक आणि नऊ माझे, तीन आणि सात तुझे."

श्यामला पाटीवर भागाकार करायची. कणिक भिजली की पाटी, आमटीला उकळी येईपर्यंत पाटी. बाहेरच्या खोलीत टेबलाशी सर. जेवायला बसल्यावर ते विचारत, "उरली?" ती म्हणे, "उरली." मग ती विचारी, "तुमची?" "उरली." नव्या जोडप्याचं रोजचं बोलणं बरेचदा एवढंच असायचं. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. मन लावून करावं असं काम होतं, आणि दोघांचं होतं.

खटका एकदाच उडाला. सरांचा भरवसा नवाच्या ताळ्यावर. आकड्यांची बेरीज करायची, त्यातून नऊ टाकत जायचं, दोन्हीकडे एकच अंक उरला की भागाकार बरोबर. श्यामला म्हणाली, "अहो, मूळ संख्या उतरवून घेताना दोन आकडे मागंपुढं झाले तर बेरीज तीच येते की. ताळ्याला ते कळायचं नाही." सर हसले. "मी आकडे मागेपुढे लिहितो होय गं? तुझ्या कॉलेजात नसतील शिकवत, आम्ही लहानपणापासून ताळ्यावरच आहोत." पण त्या दिवसापासून स्वतःचा प्रत्येक भागाकार ती दोनदा करी आणि वर उलटा गुणून बघी.

दिवस राहिले. सातव्या महिन्यात ती बेळगावला माहेरी गेली तेव्हा ट्रंकेत पाटी होती. वडिलांनी विचारलं, "परीक्षेला बसतीस काय गं?" बसायलाच हवी होती. त्याऐवजी पाय सुजलेल्या त्या पोरीनं आपल्या वाट्याचे उरलेसुरले भागाकार दोनदोनदा करून संपवले, आणि मगच बाळंत झाली. सरांचे मात्र बरेच राहिले होते. शिकवण्या असत, चारचौघांत ऊठबस असे. त्यात त्यांनी मित्रांना सांगून ठेवलेलं, की मुलाच्या बारशालाच जाहीर करणार. मग शेवटच्या काही दिवसांत त्यांनी धडाका लावला.

बारसं झालं. मुलाचं नाव निहार ठेवलं. घुगऱ्या वाटून झाल्यावर सरांनी मोठ्यानं सांगितलं, की मी एक मूळ संख्या सिद्ध केली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणालाच काही कळलं नव्हतं तरी. श्यामला बाळाला मांडीवर घेऊन पाळण्याशी बसली होती. आता माझं नाव घेतील, म्हणून तिनं डोक्यावरचा पदरसुद्धा नीट केला. सर दुसरीकडे वळले. गडबडीत राहून गेलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

ते राहूनच गेलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी. मंडळाच्या अंकात मी. घर बांधलं, पाटी करायला टाकली, तेव्हा तिनं सगळा धीर गोळा करून विचारलं, "खाली माझंही नाव घालायचं काय?" सर म्हणाले, "पाटीवर बायकांची नावं कोण घालतं?" समोरच्या मंजुनाथ यांच्या फाटकावर तेव्हाही भाग्यलक्ष्मीचं नाव होतं, आणि ते नवऱ्याच्या वर होतं. श्यामलाबाईंनी पुन्हा विषय काढला नाही. बी.एस्सी.चं तिसरं वर्षही राहिलं ते राहिलं.

गेल्या वर्षी सरांना पंचाहत्तर पूर्ण झाली आणि मराठी मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला. सून आसावरी मूळची पुण्याची, सर्जापूर रोडवर राहते, निहारसारखीच आयटीत आहे. पडद्यावर दाखवायची चित्रं तिनं अंगावर घेतली. त्यासाठी सासूला काहीबाही विचारत होती. बोलता बोलता श्यामलाबाईंच्या तोंडून निघून गेलं, की तीन आणि सात माझ्याकडे होते. आसावरीनं लॅपटॉपवरून मान वर केली. मग तिनं एकेक करून सगळं काढून घेतलं.

"आई, धिस इज सो अनफेअर! अर्धं काम तुमचं आहे. तुमचं नाव यायलाच हवं." आणि तशीच उठून ती सासऱ्यांकडे गेली. सुनेला नाही म्हणणं सरांना जड गेलं असावं. "हो हो, घाल की," ते म्हणाले. "मी कुठे नको म्हणतोय?"

आसावरीनं पडद्यावर नावं लावून दाखवली. सूर्यकांत आणि श्यामला चिकोडीकर, खाली ती संख्या. श्यामलाबाईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. सत्तरीला आलेल्या बाईला एवढ्याशा गोष्टीनं इतका आनंद व्हावा, याची त्यांना लाज वाटली. पण आनंद झाला तो झालाच. इरकली लुगडं कपाटातून काढून त्यांनी उन्हात टाकलं. भाग्यलक्ष्मीनं विचारलं, "श्यामलाक्का, काय विशेष?" तर म्हणाल्या, "रविवारी कार्यक्रम हाय आमचा." आमचा, असं म्हणाल्या.

शनिवारी सकाळी आसावरी पुन्हा आली. पडद्यावर संख्येबद्दल आणखी चार गमतीच्या गोष्टी घालाव्यात म्हणून तिनं एका संकेतस्थळावर ते आठ आकडे टाकले. कुठलीही संख्या दिली की तिची सगळी कुंडली मांडून देणारी अशी संकेतस्थळं असतात. इतक्या वर्षांत हे निहारला का सुचलं नाही? तो दिवसभर कॉम्प्युटरवरच असतो. पण ती संख्या म्हणजे घरचा देव. देव्हाऱ्यातल्या मूर्तीचा एक्स-रे कुणी काढत नाही.

"आई, एक मिनिट इकडे या ना."

श्यामलाबाई हात पुसत आल्या. विषम संख्या. अंकांची बेरीज बत्तीस. दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येत नाही. मूळ संख्या आहे का: नाही. विभाजक चार: १, ६०७९, ९४१३, ५७२२१६२७. त्याखाली आणखी एक ओळ होती, की विभाजकांची बेरीज दुपटीला पुरत नाही, म्हणून ही न्यून संख्या.

आसावरी हळूच म्हणाली, "साइट चुकलीही असेल." पण श्यामलाबाई तोवर मनात गुणू लागल्या होत्या. शेवटचा आकडा सात आला. त्याच्या आधीचा दोन. पुढचेही एकामागून एक जुळत गेले. त्यांचे डोळे सहा हजार एकोणऐंशीवर खिळले. शेवटी नऊ.

नऊ सरांचे.

त्यांना पहिल्यांदा काय वाटलं असेल? आपण चुकलो नाही याचं समाधान? तेही वाटलं, खोटं कशाला बोला. पण ते क्षणभरच. दुसऱ्या क्षणी त्यांना नवऱ्याची इतकी कीव आली, की त्या तिथेच बसल्या. "हे यांना मीच सांगते," त्या म्हणाल्या. "तू काही बोलू नको."

सर व्हरांड्यात पेपर वाचत होते. श्यामलाबाईंनी नुसत्या दोन संख्या सांगितल्या. सरांनी पेपरच्या कडेला गुणाकार मांडला. मग त्याच्याखाली पुन्हा मांडला. मग पेपर घडी घालून मांडीखाली सारला. त्यांचे ओठ हलले: एकोणऐंशी. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं त्यांच्याकडे. त्या वाटणीतली जगात दोनच माणसं होती आणि दोघंही तिथेच बसलेली होती. श्यामलाबाईंना ताळ्याची गोष्ट आठवली. बोलायला तोंड उघडलं की तेच बाहेर आलं असतं, म्हणून त्यांनी तोंड उघडलंच नाही. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला, उद्या त्याच्या गळ्यात हार पडायचा असताना, तुम्हीच चुकलात म्हणून सांगायचं?

"उद्या संख्येचा विषय काढायचा नाही," सर अखेर म्हणाले. "पडद्यावरचं ते सगळं काढून टाकायला सांग तिला."

म्हणजे नावही गेलं. श्यामलाबाईंनी मान डोलावली. आत जाऊन त्यांनी आसावरीला तसं सांगितलं.

रविवारी सभागृह छान भरलं. शंभरेक माणसं असतील. शाल झाली, श्रीफळ झालं. सरांनी भाषणात चिकोडीचं बालपण सांगितलं, शाळा सांगितली. संख्येचं नावसुद्धा काढलं नाही. सगळं निभावलं असतं, पण मंडळाच्या अध्यक्षांना राहवलं नाही. आभाराच्या आधी त्यांनी खिशातून कागद काढला आणि ते आठ आकडे एकेक करून वाचले. "ही आपल्या सरांची मूळ संख्या! सर, दोन शब्द त्यावर बोलायलाच हवेत."

ध्वनिक्षेपकाशी ऋतुराज म्हणून एक तरुण बसला होता. नागपूरहून येऊन वर्षही झालं नसेल, कोरमंगलात पीजीत राहतो, कार्यक्रमांना हौसेनं मदत करतो. पोरगा चांगला आहे, मनात कपट नाही. ऐकता ऐकता त्यानं फोनवर आकडे टाकले आणि माइक हातात होताच म्हणून बोलून गेला.

"सर, सॉरी हं, पण ही प्राइम नाहीये. सिक्स थाउजंड सेवंटी नाइन इंटू नाइन थाउजंड फोर हंड्रेड थर्टीन."

आधी कुणी हसलं. मग कुणीच हसेना. निहार खाली मान घालून बसला. अध्यक्षांनी कागद परत खिशात घातला. सर माइकसमोर उभे होते. त्यांचा चेहरा पडला, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या श्यामलाबाईंना वाटलं, उठावं, वर जाऊन त्यांना हाताला धरून खाली आणावं. त्या अर्ध्या उठल्याही.

तेवढ्यात सरांना काहीतरी सुचलं. त्यांचा चेहरा सावरला. वर्गात पोरांना शिकवताना लागायचा तो आवाज लागला.

"एक गोष्ट आज मी सांगितली पाहिजे," ते म्हणाले. "हे काम मी एकट्यानं केलेलं नाही. माझी पत्नी श्यामला हिचा त्यात अर्धा वाटा होता." श्यामलाबाई पुन्हा खाली बसल्या. सर पुढे म्हणाले, "शेवटी तीन आणि सात असलेल्या संख्या तिच्याकडे होत्या. आता हा आमचा तरुण मित्र म्हणतो, नऊ हजार चारशे तेरा. शेवटी किती? तीन. घरकाम, त्यात पोटुशी. होते चूक. मी तेव्हाच पुन्हा तपासायला हवं होतं. पण बायकोवर विश्वास ठेवला, एवढाच माझा गुन्हा."

सभागृह खळखळून हसलं. टाळ्या पडल्या. केवढं मोठं मन, असं मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा.

नऊ हजार चारशे तेरा! वर्गमूळाच्या किती पलीकडे. ती तपासायची नव्हतीच. कुणाच्याच वाट्याला नव्हती. हे कळायला गणिताची पदवी लागत नाही, आठवीतलं पोरही सांगेल. पण टाळ्या वाजवताना कोण हिशेब करतो? ऋतुराजच्या दोन मिनिटांत लक्षात आलं असतं, पण तो आपल्यामुळे असा प्रसंग आला म्हणून ओशाळून वायरी गुंडाळत होता. आसावरी सासूच्या कानाशी वाकली. "आई, खरंच तुमच्याकडून राहिलं होतं का?" श्यामलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आता बोलायचं म्हणजे उभं राहून, शंभर माणसांसमोर, शालीत गुंडाळलेल्या नवऱ्याला खोटं पाडायचं. तेवढं करायला माणसाला जो राग लागतो, तो त्यांनी कालच कीव करून खर्चून टाकला होता.

जेवणाला होळिगे, म्हणजे इथली पुरणपोळी, होती. बायका येऊन दंडाला हात लावून सांगून गेल्या, "मनाला लावून घेऊ नका हो. आपल्या बायकांचं गणित कच्चंच." एक म्हणाली, सरांनी किती सांभाळून घेतलं, आमचे असते तर तिथेच ओरडले असते. श्यामलाबाई पानातली होळिगे मोडत बसल्या आणि सगळ्यांना हो म्हणाल्या.

निहारनं दोघांना फाटकाशी सोडलं. पुढे ट्रॅफिक लागेल म्हणून तो आत आला नाही. सरांनी शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली, हार टीपॉयवर ठेवला, पंखा लावला आणि टेकून बसले. बऱ्याच दिवसांत नव्हते इतके मोकळे दिसत होते.

श्यामलाबाई उभ्याच राहिल्या. "सहा हजार एकोणऐंशी कुणाकडं होता?"

सरांनी डोळे मिटले. "झालं ते झालं. आता कशाला उगाळतेस?"

"नऊ हजारांपर्यंत जायचंच नव्हतं आपल्याला. तुम्हाला ठाऊक होतं की."

"लोकांना काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय."

सरांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण नव्हतं, उलट जरा दुखावल्यासारखं होतं; एवढं करूनही हिचं समाधान नाही, असं.

"जन्मभर तुझं एकच होतं," ते म्हणाले. "माझं नाव घेत नाहीत. आज घेतलं ना? भर सभेत घेतलं."

"घेतलंत," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेल्या.